ब्रेकचा भरवसा: रत्नागिरीतल्या तीन गाड्यांच्या कामाच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

गणपती २७ तारखेला. त्याआधी तीन गाड्या हातावेगळ्या करायच्या. तिन्ही एकाच जातीच्या: सात-आठ माणसं बसणारी, डिझेल, चासीवर बांधलेली, पुढे डिस्क, मागे ड्रम. तिन्ही मालकांचं वाक्यही एकच, "ब्रेकचा भरवसा वाटत नाही." तिघांनीही वर्षाच्या आत पुढचे पॅड बदलून घेतलेत. दुखणं कुठे आहे ते न बघता सगळ्यांना एकच गोळी.

पांढरी, २०१५ ची. एबीएस (जोरात दाबलं तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. घरची गाडी, पण मागच्या सीट दुमडून मिरकरवाड्याहून अधूनमधून मासळीचे क्रेटही येतात. तक्रार: नाक्यावर पाय दाबून उभं राहिलं की पेडल हळूहळू खाली बसतं, माणसं भरली की गाडी थांबायला वेळ घेते, आणि डबीतलं ब्रेक ऑइल उतरतं, पण खाली कुठे थेंब नाही.

करडी, २०१९ ची, एबीएसवाली. गणपतीपुळ्याला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी असते. तक्रार: थांबता थांबता, अगदी शेवटी, पेडल पायाखाली थरथरतं आणि गाडी हातभर पुढे सरकते. डॅशबोर्डवर दिवा लागत नाही.

लाल, २०१८ ची, हिलाही एबीएस. कुटुंब मुंबईत, गाडी राजापूरकडे गावच्या घरी. शिमग्याला चालते, मग थेट गणपतीला. तक्रार: कोल्हापूरहून येताना आंबा घाटात पेडल तळाला टेकलं. साखरप्याला चहा होईपर्यंत पुन्हा जागेवर. दुसऱ्या दिवशी गॅरेजात दाखवली तर ब्रेक उत्तम. शिवाय दाबलं की डावीकडे ओढते.

तिन्हींना आज एकही पार्ट लावला नाही. फक्त पेडलच्या चाचण्या. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबायचं, ते कडक झालं की पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करायचं. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर (व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा डबा) ओढतोय. मग इंजिन बंद करून दोन-तीन मिनिटांनी दाबायचं: पहिली एक-दोन दाबणी मऊ आणि मग कडक, म्हणजे बूस्टर आणि एकदिशा व्हॉल्व्ह व्हॅक्यूम धरून आहेत. तिन्ही गाड्या यात पास. या गाड्यांत व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीवर असतो, पट्टा सैल पडला की चार्जिंगबरोबर ब्रेकची मदतही जाते, म्हणून गेजही लावून पाहिला. आयडलला पाऱ्याचे ६५० मिमीच्या आसपास. बूस्टरचा विषय इथे संपला.

५ ऑगस्ट

लाल गाडी, पुढची चाकं.

बाहेरून अलॉयच्या फटीतून बघितलं तर डिस्क आरशासारखी. चाक काढून आत आरसा आणि बॅटरी धरली तेव्हा डाव्या डिस्कची आतली बाजू दिसली: मधोमध चमकदार पट्टा, कडेला गंजाच्या खपल्या. डावा आतला पॅड ३ मिमी, बाहेरचा ८. उजवे दोन्ही ७ च्या आसपास. पॅड एकाच दिवशी बसवलेले, म्हणजे इतका फरक झिजेचा नाही. डावा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) सुटत नव्हता.

कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. खालची पिन हाताने हलली, वरची पाइप पान्याने फिरवावी लागली. बूट फाटलेलं, आत लाल चिखल: जांभ्याची धूळ, पाणी आणि जुनं ग्रीस. पिन अडकली की पिस्टन आतल्या पॅडला दाबतो, पण कॅलिपर सरकून बाहेरच्या पॅडला आणत नाही आणि सोडल्यावर परतही येत नाही. आतला पॅड सतत घासत राहतो. ओढणं, तापणं, आतला पॅड संपणं ही तिन्ही लक्षणं त्या एका पिनेची. किनाऱ्यावर ब्रेक झिजून जाण्याआधी अडकून जातात, हे इथल्या कुठल्याही गॅरेजच्या भंगाराच्या डब्यात दिसेल: पॅड अर्धे शिल्लक आणि पिना गंजलेल्या.

पिस्टन बाहेर काढला. पद्धत: पॅडच्या जागी लाकडाची फळी, होजच्या भोकातून कंप्रेसरची हवा अगदी थोडी, बोटं लांब. धुळीच्या रबराखाली पिस्टनवर खड्डे पडलेत. असा पिस्टन पॉलिश पेपरने घासून परत टाकायचा नसतो. ज्या काठावर सील चिकटतं तोच काठ गेलेला असतो. पिस्टन, चौकोनी सील, धुळीचं रबर, दोन्ही पिना, त्यांची बूट असा पूर्ण संच. चौकोनी सीलचं काम नुसतं ऑइल अडवण्याचं नाही. दाबल्यावर ते किंचित पिळतं आणि सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला मागे ओढतं. सील कडक झालं की पॅड डिस्कवरून उठत नाही.

धुलाई फक्त ब्रेक क्लीनरने. पेट्रोल किंवा डिझेलमध्ये कॅलिपर बुडवायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे आणि ती वाईट आहे. ही रबरं ब्रेक ऑइलसाठी बनलेली असतात, पेट्रोलियम लागलं की फुगतात. पिनेला साधं बेअरिंगचं ग्रीस लावलं तरी तेच होतं: महिन्याभरात बूट फुगून पिन पुन्हा घट्ट. सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस, तेही पातळ थर. जास्त भरलं तर पिनेमागे हवा कोंडते आणि कॅलिपर स्वतःच परत ढकलला जातो. दोन पिनांपैकी एकीच्या टोकाला रबराची बुश आहे. तिची जागा बदलायची नाही.

उजवा कॅलिपर ठीक दिसतोय तरी तोही उघडला. एकच बाजू नवी केली तर गाडी उलटीकडे ओढायला लागते.

६ ऑगस्ट

लालच. डिस्क मोजल्या. व्हर्निअर इथे फसवतो, कारण कडेला न घासलेला ओठ राहतो आणि जबडे त्यावर बसतात. मायक्रोमीटरने गोल फिरून आठ ठिकाणी. उजवी २५.१ मिमी, सगळीकडे जवळपास सारखी. डावी २४.३ ते २४.४. डिस्कवर कोरलेली किमान जाडी २४. टर्निंग करून गंज काढला तर २४ च्या खाली जाणार, म्हणून जोडी नवी. हब वायर ब्रशने धातू दिसेपर्यंत घासला. हबवर गंजाची एक खपली राहिली की डिस्क वाकडी बसते आणि काही हजार किलोमीटरनंतर पेडल थरथरतं. मग लोक म्हणतात डिस्क तापून वाकली. डायल गेजवर हबचा हेलकावा ०.०५ मिमीच्या आत आला.

आता घाटातल्या पेडलचा मुद्दा. ब्रेक ऑइल पाणी शोषतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलची एक प्रत) ताजं असताना निदान २३०° सेल्सियसपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की मानकातली किमान मर्यादा १५५° वर येते. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०. डावा कॅलिपर अडकून तापलेला, ऑइल जुनं, वर घाटाचा सलग उतार. कॅलिपरमधलं ऑइल उकळलं, वाफ झाली. वाफ दबते, द्रव दबत नाही, म्हणून पेडल तळाला. थंड झाल्यावर वाफेचं परत द्रव होतं आणि पेडल परत येतं. दुसऱ्या दिवशी सपाट रस्त्यावर तपासणाऱ्याला काहीच सापडणार नाही. "आता तर ठीक आहे" असं सांगून अशी गाडी परत पाठवणं धोक्याचं आहे. पेडल घाटात गेलं असं मालकाने सांगितलं की आधी ऑइलचा उत्कलनबिंदू मोजावा. पेनासारखा ओलावा दाखवणारा टेस्टर अंदाजापुरता. ऑइल तापवून मोजणारं यंत्र १४८° दाखवतंय. एवढं पुरेसं आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पुस्तकातली दोन वर्षांची मुदत इथे लांब पडते. दर वर्षी मे महिन्यात, पावसाआधी बदललेलं बरं. आणि सुटं ऑइल घ्यायचं नाही. दुकानात झाकण अर्धवट लावून ठेवलेला डबा दोन महिन्यांत तेच पाणी पितो जे गाडीतून काढायचंय.

७ ऑगस्ट

पाऊस. लालच्या डिस्क कोल्हापूरहून यायच्या आहेत. मागचे ड्रम उघडून ठेवले. डावा निघेना. ड्रमच्या पाठीवर आटे पाडलेली दोन भोकं असतात, त्यात ८ मिमीचे बोल्ट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळले की ड्रम सरळ बाहेर येतो. हातोड्याने कडा ठोकली तर ती फुटते.

आत एका लायनरचं (ड्रमला आतून घासणारा भाग) अस्तर पट्टीवरून अर्धं उठलेलं. गाडी पावसाळाभर हँडब्रेक ओढून ताडपत्रीखाली होती. ओलं लायनर ड्रमला चिकटतं, पट्टी आणि अस्तराच्या मधे गंज शिरतो, गंज फुगतो आणि अस्तर उचलतो. पहिल्यांदा गाडी हलवताना "टक्" असा आवाज येतो तो अस्तर सुटल्याचाही असू शकतो. पत्र्याच्या शेडखाली वारा लागतो, ताडपत्री घट्ट बांधली तर आतली वाफ आतच राहते.

९ ऑगस्ट

करडी. स्कॅनर लावून बिघाडाचे कोड पाहिले, एकही नाही. म्हणून चारही चाकांच्या वेगाचे चालू आकडे समोर ठेवून शेडच्या मागच्या मोकळ्या जागेत सरळ रेषेत गाडी चालवली. २० च्या वेगाला चारही सारखे. वेग उतरत ९ वर आला की पुढचं डावं चाक एकदम शून्य दाखवतं, बाकी तीन ८-९ वर. युनिटला वाटतं हे चाक लॉक झालं, ते त्या चाकाचा दाब सोडतं. पेडल थरथरतं, गाडी पुढे जाते. एबीएस बिघडलेलं नाही, त्याला खोटी माहिती मिळतेय. बिघाड इतक्या कमी वेगाला आणि इतका क्षणभर आहे की कोड नोंदला जात नाही.

चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचा रोध डावा-उजवा जवळपास सारखा, १.१ किलोओहम. वायर चांगली. म्हणजे अंतर. हा गुंडाळीचा सेन्सर आहे. दातेरी रिंग त्याच्यासमोरून जितकी सावकाश जाते तितका त्याचा व्होल्टेज कमी, आणि रिंग लांब गेली तर आणखी कमी. सेन्सर नकलच्या (चाक धरणारा भाग) बिडाच्या तोंडावर बोल्टने बसतो. खाऱ्या हवेत त्या तोंडावर गंज धरतो आणि बोल्ट आवळलेला असतानाही सेन्सरला उचलतो. पितळी फिलर गेजने अंतर १.६ मिमी. १ मिमीच्या आत हवं. लोखंडी गेज सेन्सरच्या चुंबकाला चिकटतो, माप चुकीचं येतं.

सेन्सर काढताना घाई नको. अंग प्लास्टिकचं, भोकात गंजाने धरलेलं. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं.

१० ऑगस्ट

सेन्सर आख्खा निघाला. पक्कडीने ओढायचा नाही, दोन बाजूंना थोडा-थोडा फिरवत काढायचा. टोकावर लोखंडाचा बारीक भुगा चिकटलेला, तो पुसला. बिडाचं तोंड सपाट कानशीने आणि पेपरने साफ, भोक गोल ब्रशने, मग जस्ताचा प्रायमर अगदी पातळ. रिंगचे दात वायर ब्रशने मोकळे केले, तडा नाही. बसवल्यावर अंतर ०.७. वेग आता ३ पर्यंत सलग दिसतो. उजवीकडेही सुरुवात झालेली होती (१.१ मिमी), तीही साफ केली.

एकही पार्ट न बदलता काम झालं. याच तक्रारीवर एबीएस युनिट बदलायचा सल्ला या मालकाला आधी मिळाला होता. युनिटच्या किमतीत जुनी दुचाकी येते.

१२ ऑगस्ट

पांढरी. तिन्हींत हीच सगळ्यांत गंभीर.

आधी बसणारं पेडल. मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबलं की ऑइल नळ्यांत ढकलणारा) दोन्ही बाहेरच्या नळ्या सोडून तिथे १० मिमीचे आंधळे प्लग लावले. आता पेडल दगडासारखं राहिलं तर मास्टर चांगला, दोष पुढे. ते सावकाश खाली गेलं. आतल्या सीलवरून ऑइल मागे जातंय. मास्टर बूस्टरपासून सोडला तर त्यांच्या मधली जागा ओली, बूस्टरच्या तोंडाचा रंग फुगलेला. डबीतलं ऑइल कुठे जात होतं त्याचं उत्तर हेच: मागच्या सीलमधून बूस्टरच्या पोटात. खाली थेंब दिसणारच नाही. बूस्टरमधलं ऑइल शोषून काढलं. आतला पडदा अजून धरून आहे, पण ऑइलने भिजलेल्या रबराचा पुढे भरवसा नाही. मालकांना तसं सांगितलं, वर्षभरात बूस्टरचा खर्च धरून ठेवा.

मास्टरची किट मिळते, पण सिलिंडरच्या भिंतीवर खड्डे असतील तर नवी सीलं पुन्हा फाटतात. पूर्ण मास्टर घेतला.

नंतर मागची बाजू. क्रेटमधलं बर्फाचं खारं पाणी गालिच्याखालून, फ्लोअरच्या प्लगमधून थेट मागच्या ॲक्सलवर ठिबकतं. मोकळ्या हवेतली नळी बरी आहे. प्लास्टिकच्या क्लिपा काढल्या तर प्रत्येक क्लिपेखाली नळी खाल्लेली. क्लिप खारं पाणी आणि माती धरून ठेवते, पावसातही ते धुऊन जात नाही. म्हणून नळ्या नुसत्या बघून पास करायच्या नाहीत, क्लिप उघडल्याशिवाय तपासणी झालीच नाही. एका ठिकाणी नखाने पापुद्रा निघाला.

चासीवरून मागे जाणारी पूर्ण नळी आणि ॲक्सलवरच्या दोन्ही बदलायच्या. मधेच कापून जोड द्यायचा नाही. ४.७५ मिमीची तांबे-निकेलची नळी मागवली. महाग पडते, पण मिठाला दाद देत नाही आणि हाताने वळते. साधी तांब्याची नळी वापरू नये, ती थरथरीने कडक होऊन तडकते.

१३ ऑगस्ट

पांढरीचा लोडचा व्हॉल्व्ह. एबीएस नसलेल्या या गाडीत मागच्या ब्रेकचा दाब वजनाप्रमाणे कमी-जास्त करायला चासीवर एक व्हॉल्व्ह आणि तिथून ॲक्सलपर्यंत एक दांडी असते. गाडी भरली, चासी खाली बसली की दांडी व्हॉल्व्ह उघडते आणि मागे जास्त दाब जातो. दांडीचा सांधा रिकाम्या गाडीच्या स्थितीत गंजून धरलेला. म्हणजे आठ माणसं भरली तरी मागच्या चाकांना रिकाम्या गाडीइतकाच दाब. सगळं ओझं पुढच्या डिस्कवर. "माणसं भरली की थांबत नाही" याचा उगम इथे. उलटी गत झाली, म्हणजे भरलेल्या स्थितीत धरला, तर रिकामी गाडी ओल्या रस्त्यावर मागून घसरते. ते जास्त वाईट.

सांधा तेल आणि उष्णतेने सुटला, पण व्हॉल्व्हचा दांडा आत जाऊन परत येत नव्हता. व्हॉल्व्ह नवा. जुन्या दांडीच्या लांबीची खूण आधीच करून ठेवली, कारण तिच्यावरच मागचा दाब ठरतो.

ड्रममध्ये ऑटो ॲडजस्टरचं दातेरी चाक जाम. लायनर झिजत गेलं आणि फट भरून निघाली नाही, म्हणून पेडलची अर्धी चाल मागच्या लायनरला ड्रमपर्यंत नेण्यातच जायची. डाव्या-उजव्या ॲडजस्टरचे आटे उलटसुलट असतात. एका वेळी एकच बाजू उघडायची, दुसरी नमुन्याला राहते. बॅकिंग प्लेटवर लायनर जिथे टेकतं त्या सहा उंचवट्यांना उष्णता सोसणारं ग्रीस, ठिपक्याएवढं. व्हील सिलिंडरचं रबर उचलून बघितलं, आत ओल होती, म्हणून दोन्ही सिलिंडर नवे.

१६ ऑगस्ट

दहीहंडी, रस्ते बंद, शांतपणे एअर (ब्रेकच्या नळ्यांतली हवा) काढायला बरा दिवस.

नवा मास्टर बसवण्याआधी बाकावर शिकंजात धरून त्यातली हवा काढली. गाडीवर बसवून काढायला गेलं तर तासभर जातो आणि एक बुडबुडा राहतोच. मग क्रम: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. आपल्याकडे स्टिअरिंग आणि मास्टर उजवीकडे, म्हणून डावं मागचं सर्वांत लांब. व्हॉल्व्हची दांडी एअर काढताना भरलेल्या स्थितीत बांधून ठेवली, नाहीतर मागे पुरेसं ऑइलच जात नाही.

लाल आणि करडीचे मास्टर जुने आहेत. त्यांच्या पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला. रोजच्या वापरात पेडल अर्ध्यापर्यंतच जातं, त्याच्या पुढच्या भागात सिलिंडरला गंज असतो. एअर काढताना पेडल तळापर्यंत नेलं की सील त्या गंजावरून फिरतं आणि चांगला मास्टर दुसऱ्या दिवशी गळायला लागतो. "ऑइल बदललं आणि मास्टर गेला" ही तक्रार बहुतेक वेळा अशीच जन्मते.

प्रत्येक गाडीला सुमारे लिटरभर ऑइल. निपलला (चाकापाशी एअर सोडायचं तोंड) लावलेल्या नळीतून स्वच्छ, फिकट ऑइल येईपर्यंत. लालच्या एबीएस युनिटमधलं जुनं ऑइल स्कॅनरवरून पंप चालवून काढलं, मग चारही चाकं पुन्हा. निपलवर रबरी टोप्या लावल्या. टोपी नसलेला निपल दोन पावसाळ्यांत तुटतो.

शेवटी इंजिन चालू ठेवून पेडलवर पूर्ण ताकद, मिनिटभर, आणि दुसरा माणूस खाली बॅटरी घेऊन प्रत्येक जोड बघतो. जी नळी फुटायची ती इथेच फुटू दे.

२० ऑगस्ट

लालच्या डिस्क आल्या, बसल्या. चाकाचे नट टॉर्क पान्याने, ताऱ्याच्या क्रमाने, ११० न्यूटन-मीटर. हवेच्या गनने कसेही आवळले तर हबचा ०.०५ चा हिशेब वाया.

पॅड बसवण्याची पद्धत: ५० वरून १० पर्यंत मध्यम दाबाने, पूर्ण न थांबता, दहा वेळा, मधे वारा लागायला अर्धा मिनिट. नंतर गाडी थंड होईपर्यंत पेडल दाबून उभं राहायचं नाही.

मग हातखंबा, पाली, साखरपा, वर आंबा आणि परत. घाट उतरताना दुसरा गिअर आणि लागेल तसा ब्रेक. पायथ्याला इन्फ्रारेडने लगेच तापमान: डावी डिस्क १९५°, उजवी १८५°. काही अंशांचा फरक चालतो. एक बाजू दुप्पट तापली तर पुन्हा कॅलिपर उघडायचा. पेडल जागेवर. गाडी सरळ थांबते.

२२ ऑगस्ट

तिन्ही गाड्या दिल्या. मालकांना लेखी:

आरे-वारेच्या पुळणीवर गाडी उतरवू नये. उतरलीच तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने चाकांच्या आतून आणि चासीखालून धुवावी. गाडी आठवडाभराहून जास्त उभी राहणार असेल तर हँडब्रेक सोडून, गिअरमध्ये, चाकाला दगडाची उटी. रात्रीच्या पावसानंतर डिस्कवर नारिंगी थर दिसेल, तो पहिल्या दोन-तीन ब्रेकला जातो, घाबरू नये. पाण्यातून गाडी काढली की थोडं अंतर पेडल हलकं दाबून चालावं, ड्रम ओले असताना मागचे ब्रेक जवळजवळ नसतात. पांढरीत क्रेट ठेवायचे तर खाली कडा असलेला ट्रे.

८ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी झाली, तिन्ही तपासायला बोलावल्या.

लाल: ऑइलची पातळी तीच, पॅड दोन्ही बाजूंना सारखे. करडी: चारही वेग ३ पर्यंत सलग, थरथर नाही. अंतर ०.७ वरच.

पांढरी: पेडल बसत नाही, डबी भरलेली. मात्र हँडब्रेक चार खटक्यांऐवजी नऊ खटक्यांवर धरतोय. उजवी केबल आवरणात गंजून परत येत नाही. ऑगस्टमध्ये ती हाताने सरकत होती म्हणून ठेवली होती. केबलला तेल पाजून काही आठवडे निघतात, त्यापुढे नाही. दोन्ही केबल बदलायच्या, पार्ट सांगितला आहे, तोवर गाडी उतारावर हँडब्रेकच्या भरवशावर लावायची नाही असं मालकांना फोनवर सांगितलं.